एक ड्राइव्ह अन् एक फोन

आज नागपूरजवळच्या बुटीबोरीत आमच्या फॅक्टरीतल्या मेन लाइनचा ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा स्पीड सांभाळणारा कंट्रोलर, उडाला, पाऊस नाही वादळ नाही, नुसता फटकन आवाज अन् जळका वास. डीलर म्हणे पुण्याहून येईल, चार दिवस धरा. मग हिंगणा एमआयडीसीतल्या एका जुन्या कलीगला फोन लावला, तो तिथे मेंटेनन्स बघते. आमची काही जिगरी दोस्ती नाही, दिवाळीचा मेसेज अन् मागे मी त्याला एक चांगला मोटर रिवाइंडिंगवाला सांगितला होता, बस. त्यानं साहेबाला विचारून स्पेअर पडलेला ड्राइव्ह टेम्पोत टाकून दिला भाऊ! मोटरच्या नेमप्लेटवरची ग्रीस चिंधीनं पुसून करंट, आरपीएम वाचले, सेटिंग मारलं, संध्याकाळी लाइन चालू.

अमेरिकेतला समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर, त्यानं १९७३ मध्येच मांडून ठेवलंय की नव्या नोकरीची खबर जवळच्या दोस्तापेक्षा कधीमधी भेटणाऱ्या माणसाकडून जास्त येते, कारण दोस्तांना तेच माहीत असते जे आपल्याला असते. मला तर हे स्पेअर पार्टलाही लागू वाटते. पण लिंक्डइनवर हजार लोक जोडून ठेवायचे अन् काम पडल्यावरच हाय टाकायचं, याला मी नेटवर्क मानत नाही, राग आला तर येऊ दे.

अन् हो, त्याच कलीगचा पोरगा इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या फायनलला आहे. बुटीबोरी, हिंगणा, मिहान कुठंही ट्रेनीची जागा निघाली तर मला इनबॉक्स करा.