मनेंद्रगड: कोळशाखालचा समुद्र

मनेंद्रगडला शिंपले बघायला चाललोय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, तिथे कुठला आलाय समुद्र? आज नाहीच, पण कोट्यवधी वर्षांपूर्वी होता, आणि त्यातल्या शिंपल्यांचे जीवाश्म इथल्या खडकांच्या थरांत आहेत. गाव छत्तीसगडच्या उत्तर टोकाला, हसदेव नदीकाठी. बिलासपूर–कटनी मार्गावर अनुपपूरला उतरायचं आणि चिरमिरीच्या लाईनची गाडी पकडायची. वाट वाकडी करून अमरकंटकही झालं. त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय.

हसिया नाला हसदेवला मिळतो त्या भागात, नदीच्या पात्रात आणि काठावर हे थर उघडे पडलेत. भूवैज्ञानिक घोष यांनी १९५४ मध्ये ते प्रकाशात आणले. पावसाळ्यात जाणं म्हणजे निव्वळ हेलपाटा, कारण थर पाण्याखाली असतात. हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला, तेही सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जावं. डोक्यावरच्या उन्हात उठाव दिसत नाहीत आणि माणूस शिंपल्यावर पाय देऊन पुढे जातो. ढगाळ दिवशी टॉर्च खडकाला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा, वाढीच्या रेषा लगेच उठून दिसतात. खडकावर थोडं पाणी शिंपडलं तरी फरक पडतो. हातोडा मात्र खोलीवरच ठेवा. ही जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक वारसा म्हणून संरक्षित आहे. आणि ठोकलं तर ठसा अख्खा सुटत नाही, त्याची कपची उडते.

शिंपल्याआधी खालचे थर बघायला हवेत. लोक थेट शिंपले शोधायला लागतात आणि अर्धी गोष्ट तिथेच हुकते. तळाशी लहानमोठे गोटे बारीक मातीत वेडेवाकडे रुतलेले दिसतात. वाहत्या पाण्याने गोटे आणले असते तर ते आकारानुसार निवडले गेले असते. हा गाळ हिमनदीने टाकलेला आहे. तालचीर नावाच्या या हिमकालीन खडकांच्या बारीक हिरवट थरांत मध्येच एखादा एकटा धोंडा दिसला तर त्याच्या खालच्या रेघा बघा. त्या वाकलेल्या असतील, तर धोंडा तरंगत्या बर्फातून सुटून मऊ गाळात पडला असं समजायचं. काळ साधारण २८-२९ कोटी वर्षांपूर्वीचा, पर्मियन या भूवैज्ञानिक कालखंडाची सुरुवात. डायनासोर कुठे आहेत असं विचारणारे इथेही भेटतात. त्यांना यायला अजून पाच कोटी वर्षं तरी होती.

या हिमगाळाच्या वर युरिडेस्मा सापडतो, आणि मी आलो होतो तो याच्याचसाठी. फुगीर, गोलसर शिंपला. पृष्ठभागावर फक्त वाढीच्या रेषा, पंख्यासारख्या शिरा अजिबात नाहीत. बिजागरीजवळची चोच आत वळलेली, आणि तिथलं कवच कडेपेक्षा कितीतरी जाड. खाली वजन भरलेल्या बाहुलीसारखा हा प्राणी उथळ, खळबळत्या पाण्यातही उलटत नसे. शेजारीच दुसरा एक शिंपला, अ‍ॅव्हिक्युलोपेक्टेन मिळतो. त्याला शिरा आणि बिजागरीपाशी दोन ‘कान’ असतात. नवखे त्याला हमखास ब्रॅकिओपॉड (शिंपल्यासारखा दिसणारा, पण प्रत्येक झाकण मधोमध सममित असलेला वेगळ्याच गटातला सागरी प्राणी) समजतात, कारण त्याचं एक झाकण मधून दुभागलं तर दोन्ही बाजू जवळपास सारख्या वाटतात. कान मात्र नीट बघा, ते एकमेकांसारखे नसतात. जिथे मूळ कवच विरघळून गेलंय, तिथे आतला साचा (कवचात भरून घट्ट झालेला गाळ) आणि बाहेरचा ठसा वेगळे ओळखावे लागतात. आतल्या साच्यावर बाहेरचं नक्षीकाम नसतं, त्यामुळे ‘शिरा नाहीत’ एवढ्यावरून युरिडेस्मा ठरवून मोकळं होऊ नये.

हाच युरिडेस्मा पूर्व ऑस्ट्रेलियात, नामिबियात, अर्जेंटिनात आणि पाकिस्तानातल्या मिठाच्या डोंगररांगेतही मिळतो, आणि बहुतेक ठिकाणी हिमगाळाच्या लगेच वर. हे दक्षिणेकडचे भूभाग एकेकाळी गोंडवन या एकाच महाखंडात होते, हे दाखवण्याचं सगळं श्रेय ग्लॉसोप्टेरिस या तेव्हाच्या झाडाची पानं घेऊन जातात, हे मला कधीच पटलं नाही. पान सांगतं की इथे जमीन होती. जमीन संपून थंड, उथळ समुद्र कुठे सुरू झाला, ते शिंपला सांगतो. अर्थात शिंपल्यांच्या अळ्या प्रवाहाबरोबर दूर जाऊ शकतात, तेव्हा एकाच जातीवरून खंड चिकटवणं घाईचं. पण थंड पाण्याचा हा प्राणी तेव्हाच्या उष्ण कटिबंधातल्या समुद्रांच्या थरांत सापडत नाही. आज विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना विखुरलेली ही ठिकाणं तेव्हा एकाच थंड पट्ट्यात होती, हे त्यावरून भक्कमपणे म्हणता येतं.

समुद्र आत का आला, याचं उत्तर थरांच्या क्रमातच आहे. बर्फ वितळला तशी समुद्रपातळी चढली. पण बर्फाच्या ओझ्याने दबलेली जमीन वर यायला वेळ लागतो. त्या मधल्या काळात पाणी खोलगट भागांत घुसलं. जमीन उचलली गेल्यावर ते ओसरलं, पुढे दलदली झाल्या आणि चिरमिरीचा कोळसा त्यांतून तयार झाला.

पाणी नेमकं कुठल्या दिशेने आलं, यावर मात्र अभ्यासकांचं एकमत नाही. मध्य प्रदेशात उमरियालाही पर्मियनचा सागरी थर आहे, पण तो जेमतेम काही मीटरचा आणि त्यात ब्रॅकिओपॉडची चलती. झारखंडमध्ये डाल्टनगंजजवळ राजहरालाही सागरी जीवाश्म मिळालेत. नकाशावर तिन्ही जागा जोडून सरळ खाडी काढायचा मोह होतो, पण उमरियाचा थर मनेंद्रगडच्याच काळातला आहे असं गृहीत धरलं तर ती खाडी चुकीची निघू शकते.