भुंडा हात

परवा दुपारी ड्रायरमधून कपडे काढताना ह्यांचा एक पायमोजा कमी भरला. मोजे हरवणं आमच्या घरी नित्याचंच, पण ह्या वेळी चोर लगेच सापडला. माझा मनगटाचा पट्टा. पट्ट्याच्या वेल्क्रोला मोजा, मोज्याला नातीची लोकरी टोपी आणि टोपीला माझ्या एका चांगल्यातल्या ओढणीचा धागा, अशी आगगाडीच निघाली. एकेक डबा सोडवत बसले. कर्रर्र, कर्रर्र. पट्टा मशीनमध्ये धुऊ नये, असं त्याला शिवलेल्या चिंधीवर लिहिलेलं होतं म्हणे. ती चिंधी टोचते म्हणून मी पहिल्याच दिवशी कापून टाकली होती.

हा पट्टा बोलिंगचा. बोलिंग म्हणजे दादाला वाटलं तसलं नव्हे. "मी हल्ली दर गुरुवारी बोलिंगला जाते," असं फोनवर सांगितलं तर पुण्याहून पहिला प्रश्न आला, "ह्या वयात? रनअप केवढा घेतेस?" चार पावलांचा, मी म्हटलं. खोटं नाही ते. चार पावलं चालायचं, हात मागे न्यायचा, पुढे आणायचा आणि साठ फुटांवर त्रिकोणात उभ्या असलेल्या दहा बाटलीसारख्या पिनांवर चेंडू सोडून द्यायचा. त्यानंतर आपल्या हातात काही नसतं. तरी मी वाकून, मान तिरकी करून, चेंडूनं डावीकडे वळावं म्हणून स्वतः डावीकडे कलते. सगळ्याच कलतात.

आम्ही ओहायोत, ॲक्रनजवळ राहतो. मूळचं हे टायरवाल्यांचं गाव, ह्यांची नोकरीही त्यातलीच. पण बोलिंगवाल्यांनाही ते परकं नाही. व्यावसायिक बोलरांची संघटना १९५८ मध्ये इथंच स्थापन झाली. तीस वर्षं इथं राहून मी त्या बाजूला फिरकले नव्हते. रिटायर झाल्यावर शेजारणीनं ओढत नेलं. गुरुवारच्या बायकांच्या घोळक्यात त्रेसष्टाव्या वर्षी मी त्यातल्या त्यात तरुण. त्यामुळे चेंडू इकडेतिकडे गेला की "शिकेल हळूहळू" अशा कौतुकाच्या नजरा मिळतात. दुसरीकडे कुठे मिळतात आता त्या?

माझा चेंडू दहा पौंडांचा, म्हणजे साडेचार किलोचा. साडेचार किलो गव्हाचा डबा गिरणीतून आणणं निराळं आणि तेवढंच ओझं दोन बोटं आणि एका अंगठ्यावर झुलवणं निराळं. हात खाली येतो त्या क्षणी मनगट मागे मोडतं. मोडतं म्हणजे हाड नव्हे, पीळ मोडतो. चेंडू बोटांवरून ओशाळल्यासारखा घरंगळतो आणि कडेच्या गटारात जातो. (त्या पन्हळीला इथंही गटारच म्हणतात, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.) पट्टा मनगटाला मागे जाऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. मनगट ताठ राहिलं की अंगठा आधी सुटतो, दोन बोटं मागाहून सुटतात, आणि त्या दोन बोटांच्या शेवटच्या उचलीनं चेंडूला फिरकी मिळते. मग तो सरळ जातो जातो आणि शेवटी वळतो. तो शेवटीच का वळतो, यावर ह्यांचं वीस मिनिटांचं व्याख्यान आहे. जमिनीवर पुढच्या भागात तेल असतं, मागे कोरडं. तेलावरून चेंडू घसरतो आणि कोरड्यात पकडतो. वरून त्या चेंडूच्या सालीतलं पॉलिमर. जन्मभर रबरात गेलेल्या माणसासमोर चेंडू ठेवू नये. एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितलेली मला खरोखर आवडली. अगदी मनासारखा चेंडू पडून दहाच्या दहा पिना आडव्या होतात, तेव्हा त्या दहांपैकी चारच चेंडूनं पाडलेल्या असतात. पहिली, तिसरी, पाचवी आणि नववी. बाकीच्या एकमेकींनी पाडलेल्या.

पट्ट्याच्या आधी चेंडू घ्यावा लागला आणि चेंडूसाठी हाताचं माप द्यावं लागलं. बोलिंगच्या हॉललाच लागून एक चिंचोळं दुकान आहे. तिथला पोरगा चेंडूला भोकं पाडून देतो. त्यानं माझा हात समोर घेतला, पालथा केला, उलथा केला, अंगठ्याचं मूळ दाबून पाहिलं, बोटांमधलं अंतर मोजलं, एक भोक जरा सैल पाडलं, एक घट्ट. आणि सारखं म्हणत होता, हात सैल सोडा, हात सैल सोडा. मला हसू आलं. पन्नास-पंचावन्न वर्षांनी कुणी कासार भेटला होता!

आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात हरतालिकेला कासारमामा यायचे. ओसरीवर पेटी उघडायचे आणि सगळ्या वाड्याच्या बायका-पोरी ओळीनं बसायच्या. पोरींना मध्येच घुसायची परवानगी असे. मामा हात हातात घ्यायचे आणि मापाची पट्टी न लावता सांगायचे, "दोन-चार." किंवा "ही दोन-दोन. ही वाळलीय, खात नाही का काही?" दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश. आणे गेले, बांगड्यांतले सोळा भाग अजून आहेत. बोलिंगच्या चेंडूचं जास्तीत जास्त वजनही सोळाच पौंड असतं. याचा त्याच्याशी काही संबंध नाही. मला आपला सोळा आकडा आवडतो.

मामांची खरी कला बांगडी चढवण्यात. अंगठा तळहातात दुमडायचा, बोटांची पेरं एकमेकांत अशी मिटवायची की हाताला हाडं आहेत हेच विसरायला व्हावं, आणि बांगडी एक वळसा देत वर. "हात सैल सोड गं पोरी. तू धरलंस तर ती फुटेल." मी डोळे घट्ट मिटायचे आणि हात आणखी ताठ व्हायचा. मग ते काहीतरी विचारायचे, शाळेत बाई कोण, दादा मारतो का. मी उत्तर देईस्तोवर बांगडी मनगटावर. शेवटी त्यांना नमस्कार करायचा. आईसुद्धा करायची.

१९७१ ची हरतालिका माझ्या चांगलीच लक्षात आहे. म्हणजे लक्षात आहे ती दादामुळे. तेव्हा मी नऊ वर्षांची. दुपारी हिरव्या बांगड्या भरून झाल्या. संध्याकाळपासून मात्र वाड्यातल्या एकुलत्या एका चांगल्या रेडिओभोवती सगळे पुरुष आणि झाडून सगळी पोरं. लंडनला ओव्हलवर कसोटी चालू होती. रेडिओ खरखरायचा, मध्येच समुद्राच्या लाटा यायच्या, आणि एक साहेब अगदी शांतपणे, कुणाच्या तरी बारशाचं सांगावं तसं, चंद्रशेखरनं आणखी एक घेतला म्हणून सांगायचा. निर्जळी उपास केलेल्या बायका आत जागरणाची तयारी करत होत्या. बाहेर आरोळी उठली की आतून आई विचारायची, "कितवा?" सहा घेतले त्यानं त्या डावात, अडतीस धावांत. इंग्लंड एकशे एकवर सगळे बाद. दुसऱ्या दिवशी गणपती बसले आणि आपण जिंकलो. त्या दिवशी ओव्हलवर खरोखरीचा हत्ती आणला होता. चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातली बेला नावाची हत्तीण. वाड्यातल्या आज्या हे पुढची कितीतरी वर्षं सांगत होत्या. धावा कुणाच्या, बळी किती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. हत्ती आला होता, झालं.

पण त्या हरतालिकेच्या रात्री दादा मला अंगणात चंद्रशेखर समजावून सांगत होता. उजवा हात लहानपणीच्या पोलिओनं बारीक झालेला. सीमारेषेवरून चेंडू फेकायचा तो डाव्या हातानं, बोलिंग मात्र त्या वाळलेल्या उजव्यानं. बाह्या थेट मनगटापर्यंत, बटणं लावलेल्या. आणि चाबूक फिरावा तसं मनगट. "म्हणजे हातात जोर नाही म्हणूनच वळतो," दादा म्हणाला. हे शास्त्र कितपत खरं, मी अजून कुणाला विचारलेलं नाही. पण हातात जोर नसणं ही माझी जमेची बाजू, असं दादाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. एरवी मला क्षेत्ररक्षणाला, तेही मोरीच्या बाजूला उभं करायचे. त्या रात्री मला चेंडू मिळाला. मी मनगट जितकं वळेल तितकं वळवून टाकला. चेंडू तुळशी वृंदावनाला लागला आणि कोपरापर्यंत चढलेल्या बांगड्या खळ्ळकन खाली आल्या. दोन गेल्या.

गेल्या म्हणजे वाढल्या. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. आई तहानेनं कोरड्या पडलेल्या तोंडानं मला एवढंच म्हणाली, "सणाच्या दिवशी भुंडा हात घेऊन फिरू नकोस." दोन गेल्या तरी दहा होत्या. तिच्या लेखी दहा म्हणजेही भुंडाच.

त्याच अंगणात मुलगे एकमेकांना "बांगड्या भरल्यात का रे हातात?" म्हणून डिवचायचे. मी बांगड्या भरलेल्या हातानं मोरीजवळ उभी असायचे. आपल्याबद्दल चाललंय असं तेव्हा वाटायचंही नाही.

आता पट्ट्याविषयी. आमच्या गुरुवारच्या मंडळात त्यावरून दोन तट आहेत. पंचाहत्तरीची एक जण आहे, पन्नास वर्षं खेळतेय. तिच्या मते पट्टा म्हणजे कुबडी, मनगटाला आळशी करतो. दुसरी एक जण चढवते ते चिलखतच. आत पत्रा, वर स्क्रू. मनगट किती अंशात वाकवून ठेवायचं ते त्या स्क्रूवर ठरतं. तिला तो चढवायलाच माझ्या एका पाळीइतका वेळ लागतो. माझा पट्टा मधला, कापडी, पाठीला एक चपटी सळई. शिवाय जेसन बेलमॉन्टे नावाचा ऑस्ट्रेलियन बोलर आहे, तो तर भोकात अंगठाही घालत नाही. दीड वर्षाचा असताना आईवडिलांच्या बोलिंग सेंटरमध्ये खेळायला लागला. चेंडू उचलवेना, म्हणून दोन्ही हातांनी टाकायचा. मोठेपणी सगळे म्हणाले, आता नीट एका हातानं टाक. त्यानं ऐकलं नाही आणि बक्षिसांचा ढीग केला. मला हा माणूस आवडतो. पण दोन्ही हातांनी वाकून टाकायला जी कंबर लागते, ती माझ्याकडे पट्टा लावूनही नाही.

पट्ट्यानं खेळ सुधारला का? पहिल्या महिन्यात माझी सरासरी पंधरानं वाढली. मग पाचनं उतरली आणि आता एकशे एकवीसवर पाय रोवून बसली आहे. पूर्ण डाव तीनशेचा असतो. मध्ये एकदा पट्टा घरी विसरले आणि एकशे अडतीस केले. ते मी घरी सांगितलं नाही.

पट्टा घालायचा म्हणजे आधी उजव्या हातातल्या बांगड्या काढाव्या लागतात. माझ्या दोनच आहेत, सोन्याच्या, बारीक. साबण लावून काढते, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवते. आणि पट्टा चढेपर्यंतचं जे अर्धं मिनिट असतं, त्यात दर वेळी माझं लक्ष आधी हाताकडे जातं आणि मग दाराकडे. जणू आई येईल.

आईचं मनगट जबरदस्त होतं. नऊवारी धुऊन तिनं पीळ दिला की दोरीवर टाकताना त्यातून थेंब पडत नसे. दादा म्हणायचा, आईला ओव्हलवर न्यायला हवं होतं. बाबा गेले १९९८ मध्ये. बांगड्या काढायला तिला कुणी सांगितलं नव्हतं, उलट आम्ही दोघांनी सांगून पाहिलं, राहू देत. तिनं ऐकलं नाही. तिच्या बहिणींनी जे केलं, ते तिनं केलं. चारच महिन्यांनी चादर पिळताना उजवं मनगट लचकलं. आंबेहळद, रक्तबोळ, सगळे लेप झाले. शेवटी डॉक्टरांनी क्रेप बँडेज दिलं, तीन आठवड्यांसाठी.

पुढच्या वर्षी मी पुण्याला गेले तेव्हाही ते हातावर होतं. त्याच्या पुढच्या वर्षीही. स्वच्छ धुतलेलं, घट्ट गुंडाळलेलं, टोकाला ती दोन दातांची पिन. मी वैतागले. दादावरही वैतागले, हाडाचा फोटो तरी काढून आणायचास. आईला विचारलं, "अजून दुखतंय का गं एवढं?"

ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "दुखत कुठंय. पण भुंडा हात बघवत नाही."

ती गेल्यावर दादानं तिचं कपाट आवरलं. त्यात तसली तीन बँडेजेस निघाली, धुऊन, वळकटी करून, प्रत्येकाला पिन लावून ठेवलेली. त्यानं फोनवर विचारलं, ह्यांचं काय करू. टाक, म्हटलं मी. तेव्हा मी बोलिंगला जात नव्हते.