आदत खोंड आणि चार किलो भरडा

खरसुंडीच्या पौषी यात्रेत खिल्लार जनावरांची तपासणी करत दावणीनं फिरत होतो. प्रदर्शनासाठी आणलेलं आदत गटातलं, म्हणजे अजून दुधाचे दात न पडलेलं, एक खोंड मान टाकून उभं होतं आणि म्होरकी धरून बारा-तेरा वर्षांची मुलगी. तिनं स्वतः वाढवलेलं हे पहिलंच खोंड. लांब अरुंद तोंड, गळ्याखाली आखूड पोळी, अंगाला घट्ट बसलेली कातडी, काळे बारीक खूर. रोजचा खरारा हात फिरवताच कळत होता. लहानपणापासून रोज दोन किलोमीटर चालवलेलं, त्यामुळे हलगीच्या आवाजालाही बुजत नव्हतं.

पण रवंथ बंद होता. डाव्या कुशीत मूठ दाबली की आत पाणी खळखळे. शेण पातळ, आंबूस वासाचं, त्यात मक्याच्या कण्या. डोळे खोल गेलेले, मागचे पाय लटपटत होते.

"रात्री काय घातलं होतं, बाळ?"

"मी रोज अर्धा किलोच भरडा घालते, डॉक्टर. काल आज्यानं चार किलो घातला, वर गूळ. कूस भरल्याली दिसावी म्हणून."

कडब्यावर वाढलेल्या पोटात एकदम एवढं पिठूळ धान्य गेलं की जिवाणू त्याचं लॅक्टिक आम्ल करतात. भरडा जितका बारीक, तितकं हे झपाट्यानं होतं, गुळानं आणखीच. मग आम्ल रक्तातलं पाणी पोटात ओढून घेतं.

छातीचा घेर 52 इंच, लांबी 46. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 300 केलं की वजन पौंडात येतं. इथं साधारण 188 किलो निघालं. नळी घातल्यावर सहकाऱ्यानं फुंकर मारली, मी डाव्या कुशीला कान लावला. बुडबुडे ऐकू आले, म्हणजे नळी पोटातच होती. बाहेर आलेल्या पाण्याचा सामू (pH) 5. एरवी तो 6 ते 7 असतो. 150 ग्रॅम खाण्याचा सोडा कोमट पाण्यात विरघळवून सावकाश सोडला. सोड्यानं गॅस होतो, म्हणून नळी लगेच काढली नाही. शिरेतून सलाइन आणि बी-1 जीवनसत्त्व दिलं. पाणी थोडं थोडं, धान्य बंद, फक्त कडबा.

आज्याला एकच बजावलं: नळकांड्यानं काही पाजायचं नाही. जीभ ओढून मान वर केली की औषध फुप्फुसात जातं, आणि त्यातून उठणारी जनावरं मी फार थोडी पाहिलीत.

संध्याकाळी शेजारच्या निरोगी बैलाच्या तोंडातून रवंथाचा घास काढून खोंडाला भरवला. त्यातले जिवाणू पोट पुन्हा चालू करायला मदत करतात.

प्रदर्शन हुकलंच. माझं ठाम मत आहे, प्रदर्शनाआधीचे पंधरा दिवस वैरण बदलूच नये. अंग भरायचंच तर दोन महिने आधीपासून, दर चार दिवसांनी भरडा 100 ग्रॅमनं वाढवावा, आणि तोही आधी कडबा खाऊन झाल्यावर. आदल्या रात्री फुगवलेली कूस जाणत्या पंचाला हात लावताच कळते.

मुलीला काम दिलं: रवंथ सुरू झाला की एका घासाला किती वेळा चावतं ते मोजायचं. चाळिशीच्या वर गेलं की मगच भरड्याची पहिली मूठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सांगितलं, 31. तिसऱ्या दिवशी, 52.