तुम्ही विचारलंत म्हणून: सोनं सापडलं का?

रशियन शिकवताना माझी गाडी दर वर्षी रशियातल्या नोव्हगोरोदच्या उत्खननावर घसरते, आणि वर्गातलं कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, एवढं खणलं, मग सोनंबिनं सापडलं का?" परवा एका लग्नात भाचीच्या सासऱ्यांनीही हेच विचारलं. पंगतीत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगते.

सापडला तो कचरा.

वोल्खोव नदीकाठच्या या मध्ययुगीन व्यापारी शहरात पुरातत्त्वज्ञ अर्त्सिखोव्स्की 1932 पासून खणत होते. मग युद्ध आलं. ऑगस्ट 1941 ते जानेवारी 1944 शहर जर्मनांच्या ताब्यात होतं. ते गेले तेव्हा धड उभी घरं फारच थोडी उरली होती. त्या उजाड जागेत 1951 साली नेरेव्स्की भागातलं मोठं उत्खनन सुरू झालं. ऐकायला वाईट वाटतं, पण नांदत्या शहरात एवढी सलग जमीन खणायला कोण देणार?

तिथली जमीन चिकणमातीची. पाणी निचरत नाही, हवा आत शिरत नाही, त्यामुळे लाकूड कुजत नाही. चिखल फार म्हणून लोक रस्त्यावर ओंडके अंथरायचे. ते रुतले की त्यांच्यावर नवे. वेलिकाया रस्त्यावर असे एकावर एक 28 थर निघाले. ओंडक्यांतली वर्षवलयं जुळवून पुरातत्त्वज्ञ कोल्चिन यांनी ते कोणत्या वर्षीचे ते ठरवलं: सगळ्यात खालचा थर 953 चा, सगळ्यात वरचा 1462 चा. मग दोन थरांमध्ये मोडकी फणी मिळाली तरी तिचं वय कळतं.

26 जुलै 1951. तिथे कामाला असलेल्या नीना अकुलोवा यांना ओंडक्यांच्या फटीत भूर्जाच्या सालीची सुरळी मिळाली. तिच्यावर अक्षरं कोरलेली. अर्त्सिखोव्स्कींना आधी शब्दच फुटेना, मग ओरडले, "शंभर रुबल बक्षीस! वीस वर्षं वाट बघत होतो याची!" आणि मजकूर कसला, तर कुठल्या गावाकडून किती येणं आहे त्याची यादी! वसुलीचं टिपण. (लिहायची टोकदार हत्यारं आधीपासूनच सापडत होती, बिचारी खिळे नि पिना म्हणून नोंदली जात होती.)

आपल्या भूर्जपत्रांवर शाईनं ग्रंथ लिहिले आणि जिवापाड जपले. इथे चिठ्ठी ओरखडायची, वाचायची, फाडायची आणि चिखलात टाकायची. शाई असती तर धुऊन गेली असती. 'भूर्ज' आणि रशियन 'बेर्योझा' हे शब्द एकाच मुळातले, हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही मान वर करतात. या चिठ्ठ्यांची भाषा उलगडणाऱ्या झालिझ्न्याक यांनी संस्कृत व्याकरणाची रूपरेषाही लिहिली होती, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

आजवर अशा अकराशेहून जास्त चिठ्ठ्या निघाल्यात. माझा लाडका ओन्फीम, तेराव्या शतकातला एक लहान मुलगा. त्यानं गिरवलेल्या भूर्जाच्या साली 1956 मध्ये मिळाल्या. सालीच्या डब्याच्या तळावर आधी मुळाक्षरं, मग बा, वा, गा, दा असं आपल्या बाराखडीसारखं गिरवणं. कंटाळा आला असावा. पाठीमागे एक चार पायांचं काहीतरी काढलंय, शेजारी लिहिलंय, "मी जनावर." आणि चौकटीत, "ओन्फीमचा दानिलाला नमस्कार." दुसऱ्या सालीवर घोड्यावर बसून शत्रूला भाला खुपसणारा वीर, त्याच्याजवळ स्वतःचं नाव.

आणि एक बाई, अकराव्या शतकाच्या शेवटाची. तिची चिठ्ठी 1993 मध्ये मिळाली. तीनदा निरोप धाडला, तरी या आठवड्यात आला नाहीस, माझ्यावर असा काय राग धरलास, असं तिनं विचारलंय. चिठ्ठी फाडून, तिची गाठ मारून फेकलेली होती. गाठ का मारली असेल, रागानं की कुणी वाचू नये म्हणून, यावर वर्गात दर वर्षी भांडण होतं. मी बाईच्या बाजूनं असते.