जुलाबात जलसंजीवनी का लागू पडते?

कॉलऱ्याच्या रुग्णाला नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर ते अंगी लागत नाही, जुलाबावाटे निघून जातं. त्याच पाण्यात मोजून ग्लुकोज घातलं की ते आतड्यातून रक्तात जायला लागतं. हा फरक लहान आतड्याच्या पेशींच्या पटलामुळे पडतो. तो एकदा समजला की जलसंजीवनी (ओआरएस), म्हणजे मीठ आणि ग्लुकोजचं हे द्रावण, करताना प्रमाण का पाळायचं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पेशीपटल म्हणजे स्निग्ध पदार्थांचा दुहेरी थर. त्याची जाडी मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागापेक्षाही कमी असते. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड त्यातून सहज आरपार जातात. सोडियमसारखे विद्युतभारित आयन आणि ग्लुकोजसारखे पाण्यात विरघळणारे मोठे रेणू मात्र जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांचे ठरावीक मार्ग असतात आणि प्रत्येक मार्गाचा नियम वेगळा असतो.

आतड्याच्या पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप असतो. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्को यांनी तो 1957 मध्ये दाखवला. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चून हा पंप 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी असतं आणि बाहेरचं सोडियम आत यायला टपलेलं असतं. आतड्याच्या पोकळीकडच्या बाजूला एसजीएलटी-1 नावाचं प्रथिन असतं. ते 2 सोडियम आणि 1 ग्लुकोज एकत्रच आत घेतं. दोन्हींपैकी एक नसेल तर हा मार्ग चालत नाही. अशी जोडवाहतूक असावी, हे जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडलं. आत आलेलं सोडियम पंप रक्ताकडे ढकलतो, ग्लुकोज दुसऱ्या एका वाहकातून तिकडेच जातं आणि त्यांच्यामागून परासरणाने, म्हणजे विरघळलेले कण जास्त असलेल्या बाजूकडे ओढलं जाऊन, पाणी जातं.

कॉलऱ्याचं विष पेशीतलं सायक्लिक एएमपी हे निरोप पोचवणारं रसायन वाढवतं. त्याने क्लोराइडचा मार्ग उघडा पडतो आणि क्लोराइड, सोडियम, पाणी आतड्यात ओतलं जातं. शिवाय मीठ शोषण्याचा नेहमीचा मार्गही मंदावतो. एसजीएलटी-1 मात्र चालूच राहतं. सगळा उपचार या एका उघड्या राहिलेल्या वाटेवर उभा आहे.

1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी हीच वाट वापरली. एका लिटरला 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या बांधल्या आणि पाणी पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. तिथला मृत्युदर सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांखाली आला. प्रयोगशाळेतलं ज्ञान इतक्या थेट माणसं वाचवायला उपयोगी पडल्याची उदाहरणं फार थोडी असतील.

आजच्या पुडीत एका लिटरसाठी ग्लुकोज 13.5, मीठ 2.6, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि सोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम असतं, एकूण 20.5 ग्रॅम. सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही 75 मिलिमोल, म्हणजे कणांच्या संख्येने सारखे. परासारिता (विरघळलेल्या सगळ्या कणांचं प्रमाण) 245, म्हणजे रक्ताच्या सुमारे 290 पेक्षा कमी. जुना फॉर्म्युला 311 चा होता. 2002 मध्ये तो बदलला, कारण पातळ द्रावणाने जुलाब आणि उलट्या कमी होतात असं दिसलं.

सर्वांत घातक चूक म्हणजे लिटरची पुडी एका पेल्यात, 200 मिलिलिटर पाण्यात घालणं. द्रावण पाचपट तीव्र होतं, परासरण उलटं फिरतं, शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं आणि रक्तात सोडियम वाढतं. लहान मुलाला यातून झटके येऊ शकतात. 200 मिलिलिटरची छोटी पुडीही मिळते, म्हणून पुडीवर किती पाणी लिहिलंय ते प्रत्येक वेळी वाचावं. कोल्ड्रिंक आणि डब्यातले रस यांनीही पाणी आतड्यात ओढलं जातं: साखर भरमसाट, सोडियम नावालाच. पुडीत वरून साखर, दूध किंवा सरबत घालू नये. केलेलं द्रावण उकळू नये आणि 24 तासांनी टाकून द्यावं.

पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आतड्यात साखरेतून ग्लुकोज सुटतं. यात पोटॅशियम नसतं, त्यामुळे पुडी मिळेपर्यंतच हे वापरावं. मीठ घातलेली भाताची पेजही चांगली: स्टार्चमधून ग्लुकोज हळूहळू सुटतं, परासारिता वाढत नाही.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर, त्यापुढे 10 वर्षांपर्यंत 100 ते 200. चमच्याचमच्याने पाजावं. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून पुन्हा आणखी हळू सुरू करावं. अंगावरचं दूध आणि जेवण चालू ठेवावं. डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक द्यावं: सहा महिन्यांपुढे रोज 20 मिलिग्रॅम, त्याआधी 10.

जलसंजीवनीने जुलाब लगेच थांबत नाहीत. क्लोराइडचा मार्ग तिने बंद होत नाही. जितकं जातंय तितकं भरून काढणं एवढंच तिचं काम. जुलाब चालूच आहेत म्हणून पाजणं थांबवणं, हीच चूक घराघरांत होते. मूल सुस्त पडलं, पिऊ शकत नसलं, डोळे खोल गेले किंवा पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसली, तर लगेच दवाखान्यात न्यावं. अशा वेळी शिरेतून सलाइन लागू शकतं.