काडी तपासणी आणि माझ्या चार ओळी

छाटणीची टोळी पंधरा दिवस आधी सांगून ठेवलेली. पानगळही झालेली, द्राक्षबाग बोडकी उभी. आणि काडी तपासणीचा, म्हणजे काडीवरच्या कुठल्या डोळ्यात (फुटणाऱ्या अंकुरात) घड आहे ते सांगणारा, अहवाल काही येईना. हा हंगाम माझ्या डोक्यात एवढ्याचसाठी राहिला आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. उष्ण हवेत द्राक्षवेल थंडीने झोपत नाही, म्हणून वर्षात दोनदा छाटायची: उन्हाळ्यात खरड, पावसाळा सरताना गोडी. घड दिसतात गोडीनंतर, पण ते ठरतात खरडीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत, काडीवरच्या डोळ्यात. त्या दिवसांत ऊन मिळालं नाही किंवा नत्र जास्त झालं, तर घडाच्या जागी बाळी, म्हणजे आधाराला धरणारा वेलीचा नुसता तंतू, धरते. आमच्याकडे नेमकं तेव्हाच आभाळ भरून राहिलं होतं. म्हणून यंदा तपासणी करायचीच असं ठरवलं.

बागेच्या वेगवेगळ्या भागांतून दहा वेलींच्या दहा काड्या बुडापासून कापल्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि प्रयोगशाळेत दिल्या. "दोन दिवसांत मिळेल." तिसऱ्या दिवशी फोन केला, तर तपासणाऱ्या मॅडम रजेवर. पाचव्या दिवशी स्वतः गेलो. माझी गुंडाळी लोखंडी मांडणीवर, वर आणखी सात-आठ जणांच्या काड्या. कागद वाळून पापडासारखा झालेला, आणि पेनाने लिहिलेलं नाव ओलीने पसरून निळा डाग उरलेला. "यातली तुमची कुठली?" असं मलाच विचारलं! (चिठ्ठी पेन्सिलीने लिहा आणि पिशवीच्या बाहेर बांधा.) पुन्हा काड्या आणा म्हणाले. आणल्या.

इकडे पानगळ झालेली काडी थांबत नाही. टोकाचे डोळे फुगायला लागले होते. टोकं फुटली की मागचे डोळे दबून राहतात, ही धास्ती वेगळीच. त्यात टोळी दारात. मुकादम म्हणाला, "दादा, उद्या दुसऱ्याची बाग धरलीय. बोला, किती डोळे?"

वडील पाच डोळ्यांवर छाटायचे. मी म्हणालो, पाच.

चार ओळी झाल्या आणि पोटात गोळा आला. टोळीला थांबवलं, दिवसाची मजुरी देऊन परत पाठवलं. मुकादमाने काय तोंड केलं ते लिहीत नाही.

अहवाल आणखी तीन दिवसांनी आला. सरळ काडीत घड सातव्या-आठव्या डोळ्यावर, सबकेनच्या काडीत, म्हणजे शेंडा खुडल्यावर बाजूने फुटून वाढलेल्या काडीत, तो फुटवा निघालेल्या गाठीजवळ. पण पहिला डोळा कुठला धरला, बुडाशी चिकटलेला बारीक डोळा मोजला की सोडला, हे कुठेच लिहिलेलं नाही. एका डोळ्याचा फरक म्हणजे घड हाताशी किंवा कात्रीखाली. फोनवर तिघांनी तीन उत्तरं दिली. शेवटी मॅडम भेटल्या, म्हणाल्या सोडलाय. त्यांचं काम चोख होतं, राग त्यांच्यावर नाही. पुन्हा टोळी मिळवून सरळ काड्या आठ डोळ्यांवर आणि सबकेन गाठीपुढे एक डोळा ठेवून छाटली.

पेस्टिंग, म्हणजे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाईड लावणं, दुसऱ्याच दिवशी उरकलं. हातमोजे घालाच, आणि पेस्टिंग करणाऱ्याने त्या दिवसांत दारूला शिवू नये. हायड्रोजन सायनामाईड अंगात गेलेलं असताना दारू प्यायली तर माणूस आजारी पडतो.

पुढे पोंगा (कोवळा कोंब फुटतो ती अवस्था), विरळणी, जीए या संजीवकाच्या फवारण्या, डाऊनी या बुरशीरोगाची धावपळ, सगळं नेहमीसारखं. उरलेल्या बागेत घड बरे आहेत.

हो, काड्या देताना सरळ आणि सबकेनच्या वेगळ्या बांधा, हे राहिलंच. आणि पानगळीच्या फवारणीआधीच तपासून घ्या, मी उलट केलं. ब्लेडने डोळा आडवा कापला तर मधला कोंब हिरवा की काळा एवढं घरीही कळतं, पण घड पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. आम्ही चौघांनी मिळून तो आता घेतलाय.

त्या चार ओळींत पानं तळहाताएवढी झाली आहेत आणि बाळ्या तारांना घट्ट धरून बसल्यात. येणारा-जाणारा विचारतो, "इथे घड कुठायत?"