मागणीची रेषा आणि सुतळी

"मॅडम, तुमचा तो मुलगा माझ्या तासाला नुसता मान खाली घालून बसतो. नोट्स पाठवल्या तरी म्हणतो, सर, काही कळत नाही."

अर्थशास्त्राचे सर दारातूनच बोलले. जुलैतला मंगळवार होता, बाहेर धो धो पाऊस आणि सरांच्या हातातली छत्री फरशीवर गळत होती.

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं कला-वाणिज्य महाविद्यालय आहे. मी मानसशास्त्र शिकवते आणि समान संधी केंद्राचं काम माझ्याकडे आहे. दिव्यांग मुलं, घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुली, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणारी पोरं, यांच्याबद्दल काही अडलं की प्राध्यापक माझ्याकडे येतात आणि 'तुमचा मुलगा', 'तुमची मुलगी' असंच म्हणतात. मला ते लागतं. त्या दिवशी मात्र मी गप्प राहिले. सर तक्रार घेऊन का होईना, पावसात स्वतः चालत आले होते. बरेच जण तेवढंही करत नाहीत.

हा मुलगा एफवायबीएचा, जन्मापासून अंध. दहावीपर्यंत अंधशाळेत ब्रेलवर शिकला, मग गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात. फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय, लावून तो माझ्यापेक्षा भराभर मेसेज वाचतो. हुशार आहे, पण स्वतःहून तक्रार करणारा नाही.

जूनमध्ये मी सगळ्या प्राध्यापकांना एक परिपत्रक पाठवलं होतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, त्यातले दिव्यांगत्वाचे 21 प्रकार, प्रवेशाच्या 5 टक्के राखीव जागा, परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा, लेखनिक कसा मिळवायचा, सगळं होतं त्यात. सरांनी ते वाचलं होतं, खुणाही केल्या होत्या. "यात शिकवायचं कसं, ते कुठंय?" त्यांनी विचारलं. खरंच नव्हतं. प्रवेश आणि परीक्षा यांच्यामध्ये रोज जे तास होतात, त्यांच्याबद्दल मी एक ओळही लिहिली नव्हती. चूक माझीच होती.

मुलाला निरोप पाठवला आणि आम्ही तिघं ग्रंथालयात गेलो. तिथल्या एका संगणकावर एनव्हीडीए आहे. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि मराठीही बोलतं. सरांच्या नोट्सची फाइल उघडली. पडद्यावर सुबक अक्षरात 'मागणीचा नियम' दिसत होतं. हेडफोन मी सरांच्या कानाला लावले.

दहा सेकंदांत त्यांनी ते काढले. "हे काय बोलतंय? इंग्रजी आहे का?"

"सर, तुमच्या नोट्स आहेत," मुलगा म्हणाला.

मी एकेक अक्षर ऐकवायला लावलं. 'मागणी' या शब्दावर आवाज आला, "अंडरस्कोर, एम, जे, यू…" युनिकोड पद्धतीत मराठीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेत असतो; सर त्याआधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप करत आले होते. त्या फॉन्टमध्ये डोळ्यांना 'म' दिसतो, पण आत साठवलेलं असतं इंग्रजी कीबोर्डवरचं चिन्ह. डोळस माणसाला फरक कळायचं कारणच नाही. हा मुलगा मात्र रोज रात्री ती फाइल उघडून ही अक्षरं ऐकत होता, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मान खाली घालून बसत होता.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "सोळा वर्षं टाइप केलंय हे. रात्री जागून."

मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. ज्या शिक्षकाने स्वतःच्या नोट्स स्वतः लिहिल्या, टाइप केल्या, मुलांना मोफत वाटल्या, त्याच्यावर 'अनास्था' असा शिक्का मारणं अन्यायाचं झालं असतं. पहिलं पान कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये नेलं. चुका झाल्याच. पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटली, रफार उडाले. मुलगा ऐकत होता. "सर, 'अर्थ'चं 'अथ' झालंय." सरांनी दुरुस्त केलं. पुढची ओळ. "'विस्तार'ची वेलांटी गेली." तासाभरात दोन पानं झाली.

तिसऱ्या पानावर आवाज म्हणाला, "आकृतीत दाखवल्याप्रमाणे," आणि पुढचा परिच्छेद सुरू झाला. मुलाने हात वर केला, वर्गात करतात तसा. "सर, तुम्ही फळ्यापाशी म्हणता, बिंदू इथून इकडे आला. कुठून कुठे?"

सरांनी तोंडी सांगून पाहिलं, जमेना. आमचे ग्रंथालयातले शिपाईमामा वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधत होते. ते म्हणाले, "सुतळीनं दाखवा ना साहेब." पुस्तकांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, फेविकॉल आणला. जाड सुतळीचे दोन अक्ष चिकटवले. बारीक सुतळीला मामांनी दोन गाठी मारल्या, म्हणजे दोन बिंदू झाले, आणि ती डावीकडून उजवीकडे उतरती लावली. तिच्या उजवीकडे तशीच दुसरी.

मुलाने आधी अक्ष चाचपले. उभ्यावर किंमत, आडव्यावर नगसंख्या, हे दोनदा विचारून घेतलं. मग तर्जनी वरच्या गाठीवर ठेवून खालच्या गाठीपर्यंत नेली. परत वर. परत खाली.

"किंमत बदलली तर बोट याच सुतळीवर राहणार," तो म्हणाला. "आणि घरातलं उत्पन्न वाढलं, तर बोट उचलून शेजारच्या सुतळीवर."

"पहिला मागणीतला विस्तार-संकोच, दुसरी मागणीतली वृद्धी," सर पटकन म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "मॅडम, हा प्रश्न पेपरात हमखास असतो. डोळ्यांनी बघणारी निम्मी पोरं यातच घोळ घालतात."

दोन दिवसांनी सरांनी मला तासाला मागच्या बाकावर बसायला सांगितलं. फळ्यावर काढताना ते प्रत्येक रेषा बोलत होते: कुठल्या कोपऱ्यातून निघाली, कुठे संपली, कुठला बिंदू वर. दोनदा तोंडात 'इथून' आलं, ते थांबले आणि वाक्य पुन्हा म्हणाले. तास लांबला. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून येणारी एक मुलगी आहे. घरी पावरी, वर्गात कधी तोंड उघडत नाही. ती त्या दिवशी भराभर लिहीत होती, आणि तास संपल्यावर पुठ्ठा मागून घेऊन तिनेही सुतळीवरून बोट फिरवलं.

सगळे प्राध्यापक लगेच तयार झाले असं नाही. बैठकीत एकांनी विचारलं, एका मुलासाठी साठ मुलांचा वेळ का घ्यायचा? मला तो प्रश्नच मान्य नाही, आणि मी तसं सांगितलं. त्या मुलाचा प्रवेशही इतरांसारखाच रीतसर झालेला आहे, तो कुणाचा पाहुणा नाही. पण माझ्या बोलण्यापेक्षा सरांच्या हातातल्या पुठ्ठ्याने जास्त काम केलं. भूगोलाच्या मॅडम त्यानंतर नकाशावरच्या समोच्च रेषांचं, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचं, विचारायला आल्या.

सरांच्या अकरा प्रकरणांपैकी सात युनिकोडमध्ये झाली आहेत. सर दुरुस्त करून पाठवतात, मुलगा रात्री ऐकतो आणि व्हॉइस मेसेज टाकतो. परवाचा त्यांनी मला ऐकवला: "सर, आठव्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर 'सीमांत'चा अनुस्वार राहिलाय. आणि सर, पुढची आकृती कधी?"